कृतज्ञता वाटावी असं रोजच्या जगण्यात तुम्हाला नेमकं कुठे सापडतं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की रोज रात्री वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहून पाहिल्या, पण त्याचा गृहपाठ व्हायला लागला. मला नवल वाटलं नाही. ठरवून कृतज्ञ व्हायचं म्हटलं की माझीही गाडी 'सगळं छान आहे'च्या पुढे सरकत नाही. मला कृतज्ञता सापडते कुंड्यांमध्ये, कुठलं झाड कुणी दिलं हे आठवताना.

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत गच्चीचा एक कोपरा माझ्याकडे आहे. विकत आणलेलं म्हणाल तर एक लिंबू आणि नर्सरीवाल्याने गळ्यात मारलेला गुलाब. बाकी सगळं मागून आणलेलं. गवती चहाचा ठोंब मोठ्या जाऊबाईंच्या अंगणातला, साताऱ्याहून ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीने आला. कढीपत्ता म्हणजे खालच्या काकूंच्या झाडाच्या मुळाला फुटलेलं पिल्लू. ब्रह्मकमळ म्हणून आपण ज्याला हात जोडतो त्या निवडुंगाचं पान नवऱ्याच्या ऑफिसातल्या शिपायाने दिलं. (ते पान म्हणजे खरं तर चपटं खोड, म्हणून मातीत खोचलं की मुळं धरतं.) पावसाळ्यात ते उमलतं तेव्हा रात्री दहा-अकराला सगळे गच्चीत जमतात, पार्किंगवरून एकमेकांशी बोलणं बंद असलेलेसुद्धा. कुणी फोटो काढतं, कुणी हळदकुंकू वाहतं, सकाळी फूल मान टाकतं. मनीप्लांट चोरूनच लावावा म्हणतात. आमचा कुठून आला ते इथे लिहीत नाही.

सगळ्यात मोठी देवघेव अळूची. वड्यांना काळसर देठाचा, फदफद्याला हिरव्या देठाचा. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना गच्चीपर्यंत येववत नाही, पण त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक पान घराबाहेर पडत नाही. ताटात पान उलटं ठेवायचं, मधली जाड शीर सुरीने तासायची, लाटण्याने दाबायची, फाटकं पान आपल्या घराला आणि धड पान शेजारी. पानांबरोबर चिंचेचा गोळाही जातो. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक टोकदार स्फटिक असतात, त्यांनी घसा खवखवतो. चिंच घातली की त्रास कमी होतो. हे सासूबाईंना स्फटिक बिटिक न कळता पाठ आहे.

डबा परत येतो तो रिकामा कधीच नाही. सोलापूरकडच्या वहिनी शेंगादाण्याची चटणी भरतात, घाईत असलं तरी कुणी चिमूटभर साखर घालून देतं. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारा एक मुलगा आहे, त्याच्या घरी गॅससुद्धा नाही. त्याला वड्या दिल्या, तर डब्यातून पारले-जीचा पुडा आला. सासूबाईंनी तो बरेच दिवस फोडला नाही, येईल त्याला दाखवत होत्या. माझ्या स्वयंपाकाला 'बरं झालंय' याच्यापलीकडे कधी न गेलेली ही बाई! पण मी तापाने पडले होते तेव्हा वॉचमनदादांना वर बोलावून कुठल्या कुंडीला किती तांबे पाणी हे तिनेच समजावलं. तेव्हापासून मे महिन्यात ते न सांगता दोन्ही वेळा पाणी घालून जातात.

मातीचंही तेच. कोपऱ्यावरचा रसवाला उसाची चिपाडं पोत्यात भरून ठेवतो, पैसे घेत नाही. वाळवून कुंडीत तळाला घातली की माती कमी लागते आणि स्लॅबवर वजनही येत नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार' हे शेतीत प्रयोग करणाऱ्यांचं जाळं उभं केलं ते याच वृत्तीवर: ज्याला जे जमलं ते त्याने दुसऱ्याला सांगायचं. पालापाचोळ्यापासून माती करायची त्यांची रीत मला एका अनोळखी आजींनी भाजीच्या रांगेत सांगितली.

सगळ्यांबद्दल असंच वाटतं असं नाही. सकाळी फिरायला म्हणून पिशवी घेऊन निघणारे एक आजोबा कुंपणावरच्या जास्वंदीची कळीसुद्धा शिल्लक ठेवत नाहीत. देव त्यांचा, फुलं आमची. त्यांच्याबद्दल मनात काही गोड आणायचा प्रयत्न मी करत नाही, तुम्हीही करू नका.

वही राहू द्या. जूनमध्ये पाऊस लागला की ज्यांच्याशी लिफ्टमध्ये फक्त मान हलवता, त्यांच्याकडे गवती चहाचा ठोंब मागा. पाती वीतभर ठेवून बाकीची कापून टाका, मुळं झाकतील इतपतच खोल लावा, पहिले चार-पाच दिवस सावलीत ठेवा. दिवाळीपर्यंत कुंडीत मावेनासा झाला की अर्धा खणून कुणाच्या तरी गळ्यात घालावा लागेल, एवढं आधीच सांगून ठेवते.