मिडवेस्ट सोडायचंय, पण जायचं कुठे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मार्च-एप्रिल आला की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो. टॅक्स रिटर्नबद्दल विचारता विचारता लोक हळूच विचारतात, "आता इथून निघावं म्हणतोय. कुठे जाऊ?" इलिनॉय, ओहायो, मिशिगन, मिनेसोटा, इंडियाना. वीस-पंचवीस वर्षं जिथे संसार झाला, मुलं वाढली, ते राज्य सोडायचं म्हणजे साधी गोष्ट नाही. म्हणून या वेळी सगळी जागा याच प्रश्नांना दिली आहे. 'टेक्सास की फ्लोरिडा' अशा पातळीवर हा निर्णय होतच नाही, असं माझं ठाम मत आहे. तो एखाद्या गावातल्या एखाद्या घराकडे बघून, आपल्या स्वतःच्या आकड्यांवरच करावा लागतो.

प्रश्न : आम्ही इलिनॉयमध्ये नेपरव्हिलला राहतो. मी ६२, पत्नी ५९. दोघांचा मिळून पगार १,८०,००० डॉलर. दोन वर्षांत दोघंही निवृत्त होणार. घराचं कर्ज फिटलंय, पण प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला ११,००० डॉलर येतो. मित्र म्हणतात, टेक्सासला इन्कम टॅक्स नाही, डॅलसकडे या. जावं का?

मित्र म्हणतात ते खरं आहे, पण ते तुमच्या आजच्या पगाराबद्दल खरं आहे. इलिनॉयचा इन्कम टॅक्स सरसकट ४.९५ टक्के. १,८०,००० वर तो साधारण ८,९०० डॉलर होतो आणि हा आकडा कुणालाही बोचेल. मात्र तुम्ही निघणार निवृत्तीनंतर. सोशल सिक्युरिटी, पेन्शन, ४०१-के आणि आयआरए या निवृत्तीच्या खात्यांमधून काढलेले पैसे, यांवर इलिनॉय राज्याचा कर लावतच नाही. म्हणजे ज्या करापासून सुटायला तुम्ही निघालात, तो पगार थांबला की बहुतांशी आपोआपच सुटतो. ही गोष्ट इलिनॉयमध्ये पंचवीस वर्षं काढलेल्या कितीतरी लोकांच्या गावीही नसते, याचं मला फार वाईट वाटतं. कारण त्यापायी माणसं घरं विकतात.

कर उरतो तो इतर उत्पन्नावर. शेअर विकून झालेला नफा, बँकेचं व्याज आणि हो, पुण्याच्या फ्लॅटचं भाडं किंवा भारतातल्या मुदत ठेवींचं व्याजसुद्धा. भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट फेडरल रिटर्नमध्ये मिळतं, इलिनॉयच्या रिटर्नमध्ये मिळत नाही. तुमच्याकडे कंपनीचे बरेच जुने शेअर असतील आणि ते विकायचेच असतील, तर टेक्सासचं पारडं नक्की जड होतं. इस्टेट टॅक्सचंही, म्हणजे मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणाऱ्या कराचंही, तसंच. इलिनॉय ४० लाख डॉलरच्या वरच्या मालमत्तेवर तो लावतं, टेक्सासमध्ये तो नाही. घर, ४०१-के, शेअर धरून तुम्ही त्या आकड्याच्या जवळपास असाल तर वकिलाला भेटा.

आता प्रॉपर्टी टॅक्स. टेक्सास त्यासाठी बदनाम आहे, पण सगळीकडे सारखा नाही. राहत्या घराच्या किमतीतले १,४०,००० डॉलर शाळेच्या करातून वगळले जातात, ६५ नंतर आणखी सूट मिळते आणि शाळेच्या कराची रक्कम गोठते. म्हणून एखाद्या जुन्या, वसलेल्या वस्तीत तुमचं बिल नेपरव्हिलपेक्षा कमीही येईल. पण तेवढ्याच किमतीचं घर शहराबाहेरच्या नव्या वस्तीत घेतलंत, तर पाणी-सांडपाण्याच्या सोयींसाठी काढलेल्या रोख्यांचा 'मड' नावाचा वेगळा कर वर बसतो आणि एकूण दर अडीच टक्क्यांपर्यंतही जाऊ शकतो. बिल्डरच्या देखण्या मॉडेल होममध्ये हे कुणी आपणहून सांगत नाही. घर आवडलं की त्या पत्त्याचं गेल्या वर्षीचं बिल काउंटीच्या संकेतस्थळावर स्वतः उघडून बघा. त्यात शाळा, शहर, काउंटी, कॉलेज आणि मड असेल तर तो, अशा ओळी वेगवेगळ्या दिसतात.

आणि इन्शुरन्स! उत्तर टेक्सासात वसंतात गारा पडतात, लिंबाएवढ्या. तिथल्या पॉलिसीत वारा आणि गारांसाठी डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण भरायचा पहिला वाटा, वेगळा असतो आणि तो बहुधा टक्क्यांत लिहिलेला असतो. ५,००,००० डॉलरच्या कव्हरेजवर दोन टक्के म्हणजे छप्पर बदलायची वेळ आली की पहिले १०,००० तुमच्या खिशातले. प्रीमियमचा आकडा विचारताना ही ओळही विचारा.

माझा सल्ला : फक्त करासाठी जाऊ नका. मुलं किंवा नातवंडं तिकडे असतील, थंडी सोसवत नसेल, तर जरूर जा. इथेच राहणार असाल तर इलिनॉयमध्येही ६५ नंतर प्रॉपर्टी टॅक्समध्ये ज्येष्ठांची सूट मिळते. ती आपोआप लागेल म्हणून थांबू नका, अर्ज करून मागून घ्या.

प्रश्न : ओहायोत डब्लिनला राहतो. एच-१बी व्हिसा आहे, ग्रीन कार्डसाठी कंपनीनं भरलेला आय-१४० अर्ज मंजूर आहे. ऑफिस कोलंबसला, पण काम पूर्णपणे घरून. मॅनेजर म्हणाला, "कुठूनही काम कर." नॉर्थ कॅरोलायनात रॅलेजवळ केरीला भाऊ आहे, तिकडे जायचा विचार आहे. पगार १,४०,०००.

मॅनेजरच्या तोंडी होकारावर ट्रक बोलावू नका. तुमचा एच-१बी ठरावीक जागेशी बांधलेला आहे. घरून काम करत असलात तरी ते घर म्हणजेच कामाची जागा. कोलंबस महानगराच्या बाहेर कायमचं जायचं, तर कंपनीला नवा एलसीए (कामाची जागा आणि पगार नोंदवणारा अर्ज) काढून सुधारित एच-१बी अर्ज भरावा लागतो आणि तोही तुम्ही नव्या ठिकाणी काम सुरू करण्याच्या आधी. २०१५ पासून हा नियम अगदी स्पष्ट आहे. शिवाय पत्ता बदलल्यावर दहा दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरायचा, तो तुम्ही स्वतः आणि कुटुंबातल्या प्रत्येकाचा.

ग्रीन कार्डचा भाग जास्त नाजूक आहे. पर्ममध्ये, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनी कामगार खात्याकडून घेते त्या मंजुरीत, कामाचं ठिकाण लिहिलेलं असतं. नोकरीची जागा कायमची बदलली तर कंपनीला पर्म नव्यानं करावं लागू शकतं. तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख, मात्र मंजूर आय-१४० मुळे शाबूत राहते, तेवढा धीर धरा. एचआरला ईमेल करा आणि तीन गोष्टी लेखी घ्या : नॉर्थ कॅरोलायनात कंपनीचं पेरोल आहे का, एच-१बीची दुरुस्ती कोण आणि कधी करणार, आणि पर्मबद्दल कंपनीच्या वकिलाचं मत काय.

पैशांचं म्हणाल तर २०२६ पासून ओहायोचा दर २.७५ टक्के आणि त्यावर डब्लिन शहराचा २ टक्के. नॉर्थ कॅरोलायनाचा ३.९९ टक्के, शहराचा वेगळा इन्कम टॅक्स नाही. तुमच्या पगारावर वर्षाला हजार-दीड हजार डॉलरचा फरक. एवढ्यासाठी व्हिसा पणाला लावू नये. भावासाठी जावं, त्याची किंमत वेगळी आहे. फक्त कागद आधी, सामान नंतर.

प्रश्न : मिशिगनमध्ये नोव्हायला आहोत. नवऱ्याची बदली डॅलसला होतेय. मुलगी दहावीत आहे. शाळा संपेपर्यंत थांबावं का?

ताई, दोनच वेळा योग्य आहेत : या उन्हाळ्यात, किंवा तिची बारावी झाल्यावर. अकरावी झाल्यावर, ऐन कॉलेजच्या अर्जांच्या तोंडावर तिला हलवू नका.

टेक्सासच्या कायद्यानं शाळेत वरच्या दहा टक्क्यांत असणाऱ्या मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या मुख्य विद्यापीठासाठी ती मर्यादा आणखी कडक आहे, २०२६ च्या प्रवेशापासून वरचे ५ टक्के. तोही प्रवेश विद्यापीठात मिळतो, कॉम्प्युटर सायन्सलाच मिळेल असं नाही. आणि डॅलसच्या उत्तरेकडच्या ज्या शाळांची नावं तुम्ही ऐकली असतील, तिथे आपलीच मुलं रात्र रात्र जागून रँकसाठी झटत असतात. नोव्हायमधून आलेले मार्क आणि ऑनर्स कोर्स तिथला स्कूल डिस्ट्रिक्ट कसे मोजणार, हे घर बघण्याच्या आधी शाळेच्या काउन्सिलरला विचारा. एखादी कमी नावाजलेली शाळा तिच्यासाठी जास्त चांगली ठरू शकते.

टेक्सासचा रहिवासी दर फीला लागायला पालकांचं तिथे बारा महिने वास्तव्य लागतं. या उन्हाळ्यात गेलात तर ते सहज होतं. उलट मिशिगनचं विद्यापीठ तिच्या मनात असेल, तर राज्य सोडल्यावर ते परराज्याच्या फीनं पडतं आणि तो आकडा घाम फोडणारा आहे. नवरा वर्ष-दोन वर्षं एकटा जाऊन-येऊन करणं शक्य असेल, तर ही शक्यता विद्यापीठाच्या रहिवासाच्या नियमांशी ताडून बघा. पण हे सगळं ठरवायच्या आधी मुलीला समोर बसवून विचारा. सोळाव्या वर्षी मैत्रिणी सोडून जायचंय तिला, त्यात तिचं मत हवंच.

प्रश्न : मिनियापोलिसजवळ राहतो. पत्नीला संधिवात आहे, थंडीत बोटं आखडतात. फीनिक्सला घर की फ्लोरिडात समुद्राजवळ जुना, स्वस्त कॉन्डो?

दुरून डोंगर साजरे. तुम्ही दोन्ही ठिकाणं पाहिलीत ती जानेवारीत, असं मी गृहीत धरते. सगळेच तसं करतात. फीनिक्सला जुलैत दोन आठवडे भाड्यानं राहा. २०२३ मध्ये तिथे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस, किंवा त्याहून वर गेला होता. आपण विदर्भाची नावं घेतो, पण तिथे रात्रही पुरेशी थंड होत नाही. मिनेसोटात जानेवारीत घरात कोंडून राहता, तसं तिथे जुलैत राहावं लागेल. पत्नीला कोरडी हवा मानवेल कदाचित, पण फुप्फुसाचा त्रास असेल तर तिथल्या धुळीतून होणाऱ्या व्हॅली फीव्हरबद्दल डॉक्टरांशी बोला. कराच्या बाजूनं फीनिक्सचं राज्य ॲरिझोना फार सोपं आहे : सरसकट २.५ टक्के. मिनेसोटाचा सर्वात वरचा दर ९.८५ आहे.

फ्लोरिडातला 'जुना आणि स्वस्त' कॉन्डो बघून मला काळजी वाटते. जून २०२१ मध्ये सर्फसाइडची इमारत रात्री कोसळली आणि ९८ माणसं गेली. त्यानंतर कायदा झाला : तीन किंवा जास्त मजल्यांच्या जुन्या इमारतींची तपासणी सक्तीची आणि दुरुस्तीसाठी निधी साठवणं टाळता येणार नाही. कायदा योग्यच आहे. पण वर्षानुवर्षं निधी न साठवलेल्या इमारतींत आता एकेका सदनिकेवर मोठमोठ्या रकमांची वर्गणी निघते, म्हणून मालक विकून मोकळे होतात. स्वस्त किमतीमागे बरेचदा हेच असतं. तपासणीचा अहवाल, निधीचा अहवाल आणि असोसिएशनच्या गेल्या दोन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं हातात आल्याशिवाय सही करू नका. पुराचं नुकसान साध्या घराच्या पॉलिसीत बसत नाही. सरकारी पूरविमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो एरवी ३० दिवसांनी लागू होतो. वादळ निघालं की धावत जाऊन मिळत नाही.

तिसरा मार्गही आहे. घर मिनेसोटातच ठेवून जानेवारी ते मार्च फीनिक्सला भाड्यानं राहायचं. पत्नीची बोटंही वाचतील आणि तिच्या मैत्रिणीही. मात्र मिनेसोटात घर ठेवून १८३ किंवा जास्त दिवस तिथे राहिलात, तर तुम्ही करापुरते मिनेसोटाचेच. ड्रायव्हिंग लायसन्स ॲरिझोनाचं काढून हे टळत नाही.

प्रश्न : कॅन्सस सिटीत राहतो. मुलगा पाच वर्षांचा. मराठी कानावर पडावं म्हणून मोठ्या शहरात जावं का?

त्यासाठी नको. बृहन्महाराष्ट्र मंडळाची, म्हणजे इथल्या मराठी मंडळांच्या संघटनेची, सुरुवातच मिडवेस्टमध्ये, शिकागोत, १९८१ साली झाली आणि २०१७ चं अधिवेशन मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला भरलं होतं. चार कुटुंबं गोळा करा, मंडळाच्या मराठी शाळेचा अभ्यासक्रम मागवा, रविवारी तळघरात वर्ग भरवा. घरात आईबाप मराठी बोलत नसतील तर डॅलसची मोठी शाळाही काही करू शकत नाही.

प्रश्न : आम्ही दोघं ७४ आणि ७१. इंडियानात कार्मेलला आहोत. मुलगा सिअॅटलला, मुलगी अटलांटाला. दोघंही बोलावतात. कुणाकडे जावं?

हे पत्र मी दोनदा वाचलं. दोघंही बोलावतात, हे केवढं भाग्य.

मुलगा की मुलगी, या प्रश्नाऐवजी असं विचारा की दोघांपैकी कुणाचं बस्तान जास्त पक्कं आहे. तुम्ही सगळं विकून गेलात आणि वर्षभरात मुलाची नोकरी दुसऱ्या शहरात गेली, तर तुम्ही तिथे कुणासाठी राहणार? ज्याची मुलं अजून शाळेत आहेत, घर स्वतःचं आहे आणि नोकरी बदलली तरी त्याच गावात मिळेल, त्याच्याकडे जा. त्याच्या घरात नव्हे, घराजवळ. चालत जाता येईल इतक्या अंतरावर, पण दार वेगळं. सुनेशी किंवा जावयाशी तुमचं कितीही गोड असलं तरी.

आणि कार्मेलचं घर लगेच विकू नका. पहिलं वर्ष तिकडे भाड्यानं राहा. इंडियानात राहत्या घरावरचा प्रॉपर्टी टॅक्स किमतीच्या १ टक्क्यापुरता मर्यादित आहे. घर भाड्यानं दिलंत तर ती मर्यादा २ टक्के होते, म्हणून बिल वाढेल, ते धरून चाला. विक्रीच्या आधीच्या पाच वर्षांत दोन वर्षं तुम्ही त्या घरात राहिलेले असाल, तर नवरा-बायकोला मिळून ५,००,००० डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त असतो. म्हणजे निघाल्यापासून तीन वर्षांच्या आत घर विकलंत तरी चालतं.

सगळ्यात जपायची गोष्ट मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा. मूळ मेडिकेअर देशभर चालतं, त्याच्या जोडीला घेतलेली खासगी मेडिगॅप पॉलिसीही बहुधा सोबत नेता येते. पण तुमचं खासगी कंपनीमार्फत चालणारं मेडिकेअर ॲडव्हांटेज असेल, तर ते तुमच्या भागापुरतंच असतं. दुसऱ्या राज्यात गेल्यावर नवा प्लॅन निवडायला मुदत मिळते, ती साधारणपणे हलल्यानंतर दोन महिन्यांची. याच वेळी ॲडव्हांटेज सोडून मूळ मेडिकेअरकडे परतलात, तर ठरावीक मेडिगॅप पॉलिसी तब्येतीची चौकशी न होता मिळण्याचा हक्क असतो. एरवी या वयात बहुतेक राज्यांत कंपन्या जुनी दुखणी बघून नाकारू शकतात. म्हणून जायची तारीख ठरली की पहिला फोन नव्या राज्याच्या मोफत मेडिकेअर सल्ला केंद्राला करा, हा सल्ला प्रत्येक राज्यात मिळतो. मुलांना सोबत बसवा आणि जुनी पॉलिसी नवी हातात येईपर्यंत बंद करू नका.