गावच्या सड्यावर कातळशिल्पे आहेत. गावाने मिळून पर्यटन कसे आखावे?

राजापूर तालुक्यातील आपल्या गावच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर, कातळशिल्पे (कातळात खोदलेल्या प्राचीन आकृत्या) आढळली आहेत, शनिवार-रविवारी लोक गाड्या घेऊन थेट कातळावर येऊ लागले आहेत आणि गावातील काही तरुणांना यातून संपूर्ण गावाच्या उपयोगाचे पर्यटन उभे करायचे आहे; तर सुरुवात रस्त्यापासून करावी, फलकांपासून करावी की जाहिरातीपासून, असे आपण विचारले आहे. रत्नागिरी जिल्ह्यात या विषयावरच्या गावबैठकांना मी बरीच वर्षे जात आलो आहे, त्या अनुभवावरून सांगतो: सुरुवात सात-बारापासून करावी.

कोकणातील सडे पुष्कळदा खासगी मालकीचे असतात. एकेका सर्व्हे नंबरवर अनेक सहहिस्सेदारांची नावे असतात आणि त्यांतील निम्मेअधिक लोक मुंबईत असतात. या जमिनीतून मालकाला आजवर मिळत आले ते पावसाळ्यानंतरचे गवत आणि गुरांची चराई. रोख पैसा देणारा पर्याय म्हणजे जांभ्याची चिरेखाण, नाहीतर कातळ फोडून केलेली आंब्याची कलमबाग. म्हणून बैठकीत मालकाचा पहिला प्रश्न बहुधा हा असतो की शिल्पाची नोंद झाली तर सरकार जमीन घेणार का. त्याला उडवाउडवीचे उत्तर मिळाले की तो खाणवाल्याशी बोलणी सुरू करतो, आणि एकदा कटर फिरला की हजारो वर्षांपूर्वीची रेषा परत मिळवता येत नाही. महाराष्ट्राच्या १९६० च्या प्राचीन स्मारकविषयक अधिनियमानुसार स्थळ संरक्षित घोषित झाले म्हणून मालकी आपोआप सरकारजमा होत नाही, मात्र बांधकाम आणि खोदकाम यांवर निर्बंध येतात. या दोन्ही बाजू मालकाला आधीच स्पष्ट सांगाव्यात. त्यानंतर सर्व सहहिस्सेदारांचे संमतीपत्र घ्यावे आणि त्यात मालकी अबाधित राहील, चराई आणि गवताचा हक्क चालू राहील आणि प्रवेशशुल्कातील ठरावीक वाटा दरवर्षी मालकाला मिळेल, ही तीन वाक्ये असावीत. हा वाटा माझ्या मते शंभर रुपयांमागे पंचवीस-तीस रुपयांपेक्षा कमी नसावा. ज्याच्या जमिनीवर वारसा आहे त्याच्या हाती काहीच पडत नसेल, तर तो वारसा सांभाळण्याची अपेक्षा त्याच्याकडून करणे न्याय्य नाही.

निर्णय कोणी घ्यायचा हा यानंतरचा आणि तितकाच नाजूक भाग आहे. केवळ उत्साही तरुणांचे मंडळ स्थापून भागत नाही. ग्रामसभेचा ठराव हवाच. पण कोकणातल्या गावात गावकर-मानकरी, सगळ्या वाड्या आणि मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांचे मंडळ यांचा होकार असल्याशिवाय ठराव कागदावरच राहतो, हे आपणास ठाऊक असेलच. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येतात, तेव्हा बैठक त्या दिवसांत ठेवावी. समितीत प्रत्येक वाडीचा एक माणूस, जमीनमालकांचे प्रतिनिधी, बचत गटाच्या स्त्रिया आणि गुरे राखणारे असावेत. गुराख्यांचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे पायी पालथे घालून जे शोधकार्य केले, त्यात अशा स्थानिक माणसांच्या माहितीचा आधार फार मोठा होता. ज्यांना सड्याचा कोपरान् कोपरा माहीत आहे त्यांना वाटाड्याचे काम मिळण्याऐवजी ते शहरातून आलेल्या टूर कंपनीकडे गेले, तर त्या पर्यटनाला गावाचे म्हणता येणार नाही.

पाहुण्यांचे वेळापत्रक सूर्यावर बेतावे लागते, आणि याच ठिकाणी गावाची कमाई दडलेली आहे. कातळशिल्पाची खोदरेषा उथळ असते. ऊन डोक्यावर आले की रेषेतील सावली नाहीशी होते आणि समोर नुसता काळपट, तापलेला कातळ दिसतो. सकाळी लवकर आणि संध्याकाळी उन्हे कलल्यावर तीच रेषा उठून दिसते, प्राण्याचा पाय कुठे संपतो आणि पाठ कुठून वळते हे नजरेला सापडते. भरदुपारी आलेला पर्यटक निराश होतो, मग रेषांत खडू भरतो, पाणी ओततो, काठीने माती उकरतो. नुकसानीचा मोठा भाग इथून सुरू होतो. त्यामुळे दुपारचा प्रवेश बंदच ठेवावा. संध्याकाळी एक सडा, रात्री गावात मुक्काम आणि सकाळी दुसरा सडा अशी आखणी केली, तर शिल्पेही सुरक्षित राहतात आणि जेवणाचे व राहण्याचे पैसे घराघरांत जातात. हॉटेल बांधण्याची गरज नाही. मंडणगड तालुक्यातील वेळास गावात समुद्री कासवांची पिल्ले पाहायला येणाऱ्यांची सोय गावातल्या घरांतच होते. पडवीत अंथरूण आणि पानात घरचे जेवण एवढ्यावर माणसे समाधानी असतात. पाहुणे मात्र समितीने पाळीपाळीने वाटून द्यावेत, नाहीतर रस्त्यालगतच्या दोन घरांचीच भरभराट होते आणि वरच्या वाडीचा उत्साह पहिल्याच हंगामात मावळतो.

प्रत्यक्ष कातळावर फारसे काही बांधू नये. गाड्या सड्याच्या कडेला थांबाव्यात, पुढे चालत जावे आणि शिल्पावर पाय पडणार नाही अशा बेताने चिऱ्यांचा बुटका कठडा असावा. रत्नागिरी तालुक्यातील उक्षी गावाने हत्तीच्या शिल्पाभोवती स्वतः पुढाकार घेऊन संरक्षणाची आणि पाहण्याची सोय केली आहे. आपल्या समितीने ती जाऊन पाहावी आणि तेथील गावकऱ्यांशी बोलावे. पावसाळ्यातील सड्याचाही वेगळा विचार हवा. जूनमध्ये दीपकाडी फुलते, पुढे डबक्यांच्या कडेने गेंद आणि सीतेची आसवे ही रानफुले येतात. त्या चार महिन्यांत माणसे मोजकीच आणि वाटाड्यासोबतच जावीत, कारण फुलांच्या गालिच्यात बसून फोटो काढणारे फार असतात.

वाटाड्यांच्या प्रशिक्षणाबद्दल माझा आग्रह आहे की त्यांनी ठाऊक असलेले तेवढेच सांगावे. ही शिल्पे मध्याश्मयुगापासूनची, म्हणजे दगडी हत्यारे वापरणाऱ्या शिकारी माणसाच्या काळापासूनची असावीत असे अभ्यासक मानतात, पण नेमका काळ अजून चर्चेत आहे; काही ठिकाणी गेंड्यासारखे, आज कोकणात नसलेले प्राणी कोरलेले दिसतात आणि राजापूर तालुक्यातल्याच कशेळी गावच्या प्रचंड हत्तीच्या आकृतीत इतर अनेक प्राणी सामावलेले आहेत. एवढे सत्यच पुरेसे विलक्षण आहे, त्याला परग्रहवासीयांची जोड देऊ नये. गावात शिल्पाविषयी पांडवांची कथा सांगितली जात असेल तर ती अवश्य सांगावी, मात्र ती आमच्या आजीने सांगितलेली कथा म्हणूनच सांगावी.

जाहिरात सर्वांत शेवटी. २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत आली. त्यांत महाराष्ट्रातील आठ आणि गोव्यातील एक स्थळ आहे, त्यामुळे लोक आपणहून येणारच आहेत. नकाशावर नेमके ठिकाण टाकण्यापूर्वी कठडा, वाटाडे आणि संमतीपत्रे तयार असू द्या आणि राज्य पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी येथील कार्यालयाला लेखी कळवा.

आपल्या सड्याच्या सात-बारावर किती नावे आहेत आणि जवळपास चिरेखाणीचा परवाना कोणी मागितला आहे का, हे तलाठ्यांकडून काढून इथे लिहिलेत तर संमतीपत्राचा मसुदा कसा करावा ते मी सविस्तर सांगेन.