वाचकांचे प्रश्न : बुरशीवर पोट भरते का?

प्रश्न : मी भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यात राहते, बारावी सायन्सला आहे. आमच्या वासरांच्या डोळ्यांभोवती गोल, पांढरट खपल्या आल्या, मग माझ्या हातावरही चट्टा उठला. डॉक्टर म्हणाले, बुरशी आहे. मला जनावरांच्या बुरशीजन्य रोगांवरच संशोधन करायचं आहे. बाबा म्हणतात, "बुरशीवर का पोट भरते?"

उत्तर : बाबांना सांग, माझं भरलं.

वासरांना झालंय ते गजकर्ण. बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम या बुरशीचं काम. वासरू मरत नाही, काही महिन्यांत आपसूक बरं होतं, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिचे बियांसारखे सूक्ष्म कण, गोठ्याच्या लाकडात वर्षानुवर्षं तग धरतात आणि नव्या वासरांना गाठतात. तुझा चट्टा त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. मेडिकलमधून कुणी दिलं ते मलम चोळत बसू नकोस.

आमचं निम्मं काम नमुन्यातच असतं. खपलीच्या मधोमध खरवडून फारसं हाती लागत नाही. बुरशी जोरात असते ती कडेला. तिथले तुटके केस चिमट्याने उपटून कागदी पाकिटात ठेवायचे. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते, जिवाणू माजतात. दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये केस भिजवला की सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्याभोवती बीजाणूंच्या माळा दिसतात. प्रयोगशाळेतल्या बशीत ही बुरशी वाढवणं मात्र चिकाटीचं काम. त्वचेच्या बहुतेक बुरशी 25 ते 30 अंशांना खूश. हिला 37 अंश लागतात, वर थायमिन हे जीवनसत्त्वही. तरी तीन-चार आठवडे जातात. उतावळ्या माणसाने या वाटेला येऊच नये.

तुमच्या धानाच्या पट्ट्यात तर विषय पायाशी पडलाय. पावसात भिजलेल्या तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, फ्युझेरियम बुरशी धरली आणि ते म्हशींनी खाल्लं, तर कान, शेपटीचं टोक, खुरांजवळची कातडी सडते. याला देगनाला रोग म्हणतात. लाहोरकडच्या एका नाल्याच्या नावावरून.

वाट अशी : नीट ही प्रवेश परीक्षा देऊन बी.व्ही.एस्सी., म्हणजे पशुवैद्यकाची पदवी, साडेपाच वर्षं. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुला जवळ. फक्त बुरशीची अशी पदवी नाही, म्हणून पुढे एम.व्ही.एस्सी.ला, म्हणजे पदव्युत्तर पदवीला, सूक्ष्मजीवशास्त्र घे. पीएच.डी. नागपूरला किंवा बरेलीजवळ इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत. शास्त्रज्ञ व्हायचं तर कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची परीक्षा. सध्या नीटचं जीवशास्त्र पक्कं कर, आणि वासरांना हात लावल्यावर साबणाने धू.