मूसच्या शिकारीसाठी रायफल कोणती?

प्रश्न : नोकरीनिमित्त मी सहा वर्षांपासून उत्तर स्वीडनमधील उमेओ येथे राहतो. यंदा शिकारीची परीक्षा उत्तीर्ण झालो असून सप्टेंबरमध्ये शेजाऱ्यांच्या गटाबरोबर मूसच्या, म्हणजे उत्तरेकडील अजस्र हरणाच्या, शिकारीला जाणार आहे. गटातील एक गृहस्थ .300 विंचेस्टर मॅग्नम या जोरकस काडतुसाच्या रायफलपेक्षा लहान काही घेऊच नका असे सांगतात, तर दुसरे आजोबा आयुष्यभर 6.5×55 या लहान काडतुसाची रायफल वापरत आले आहेत. माझा बांधा किरकोळ आहे. शिकारीचे मांस घरी शिजणार आणि घरात दोन लहान मुले आहेत, तेव्हा गोळी शिशाची घ्यावी की तांब्याची, हेही सांगावे.
— एक वाचक, उमेओ

उत्तर : मॅग्नमचा विचार आपण सोडून द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेथील पूर्ण वाढलेला नर मूस चारशे-पाचशे किलो भरतो, म्हणजे आपल्याकडच्या थोराड सांबरापेक्षाही बराच मोठा, त्यामुळे एवढ्या जनावराला तोफच हवी असे वाटणे स्वाभाविक आहे. पण मूस गोळीच्या धक्क्याने कोसळत नाही. दोन्ही फुप्फुसे भेदली गेली की रक्तस्रावाने पडतो, आणि तेही पुष्कळदा पन्नास-शंभर मीटर चालून गेल्यावर. म्हणून गोळी पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या भागात नेमकी लागणे, हेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

हा नेम बिघडवतो तो गोळी सुटताना खांद्याला बसणारा बंदुकीचा धक्का. सरावाच्या मैदानावर एकदा सोबत्याला आपल्या नकळत खऱ्या काडतुसांत एखादे दारू नसलेले सरावाचे काडतूस मिसळून भरायला सांगा. त्या काडतुसावर चाप ओढला की आवाज येणार नाही, पण खांदा आधीच आखडलेला आणि नळीचे तोंड खाली झुकलेले सर्वांना दिसेल. मॅग्नम हाताळणाऱ्या नवख्याला ही खोड लवकर लागते आणि सुटता सुटत नाही.

कायद्याचा विचार केला तरी आजोबांची निवड चुकीची नाही. स्वीडनमध्ये मूससाठी वर्ग 1 चे काडतूस लागते : गोळी किमान 9 ग्रॅमची असेल तर 100 मीटरवर 2700 ज्यूल ऊर्जा, आणि 10 ग्रॅम किंवा अधिक वजनाची असेल तर 2000 ज्यूल, शिवाय गोळी शरीरात शिरल्यावर पसरणारी असावी लागते. 1894 साली लष्करासाठी स्वीकारलेले 6.5×55 हे काडतूस 10.1 ग्रॅमच्या गोळीसह या अटीत बसते आणि त्याचा धक्का सौम्य असतो. आपला प्रश्न एवढाच असता, तर उत्तरही येथेच संपले असते.

मात्र मुलांच्या ताटाचा मुद्दा आला की पारडे फिरते. शिशाच्या गाभ्याची गोळी फुटताना तिचे बारीक कण जखमेच्या बऱ्याच पलीकडे मांसात पसरतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. लहान मुले व गर्भवती यांना शिशाचा अपाय सर्वाधिक होतो. तेव्हा तांब्याचीच गोळी घ्या. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांबीला अधिक होते, म्हणून 6.5 मिमीमधील तांब्याच्या गोळ्या बहुधा 8 ग्रॅमच्या आसपास ठेवलेल्या असतात आणि मूससाठी लागणारे वजन त्यांत सहजी मिळत नाही. याउलट .308 विंचेस्टर या काडतुसात 9.7 आणि 10.7 ग्रॅमच्या तांब्याच्या गोळ्या सर्रास मिळतात. त्याचा धक्का 6.5 पेक्षा जास्त असला, तरी मॅग्नमच्या मानाने पुष्कळच कमी आहे, आणि नळीला सायलेन्सर लावला की तो आणखी उतरतो. आपण .308 घ्यावी. .30-06 या काडतुसाची रायफलही वाईट नाही, पण तिची थोडी अधिक ताकद आपल्याला लागणार नाही.

दुर्बीण कमी वर्धनाची, एक ते सहापट, पुरेशी आहे, कारण ही शिकार आपल्याकडच्या जुन्या हाक्यासारखी असते : कुत्रा जनावर हुडकून भुंकत त्याला रोखून धरतो किंवा आपल्या बाजूला आणतो, आणि गोळी बहुधा शंभर मीटरच्या आत झाडावी लागते. दस्ता खांद्याला बेताचा बसतो की नाही, हे जाड जाकीट घालूनच पाहा. दुकानात सदऱ्यावर जमलेली बंदूक सप्टेंबरच्या गारठ्यात अडते.

पैसे उरले तर त्यांची काडतुसे घ्या, तीही एकाच उत्पादन-क्रमांकाची, आणि सराव व शिकार दोन्हींसाठी तीच वापरा. निराळ्या वजनाची गोळी निराळ्या जागी लागते. गोळी झाडल्यावर मूस जणू काही झालेच नाही असा झाडीत निघून गेला, तर नेम चुकला असे समजू नका आणि मागे धावूही नका. तो उभा होता ती जागा खूण करून ठेवा आणि गटप्रमुखाला कळवा. माग काढणारा शिकवलेला कुत्रा दोन तासांच्या आत तेथे पोहोचू शकेल अशी व्यवस्था ठेवणे स्वीडनमध्ये बंधनकारक आहे.