रोजच्या फोटोग्राफीसाठी रेंजफाइंडर, म्हणजे लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून बघायचा आणि दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा, घ्यावा की ती नुसती हौस? घेतलाच तर कोणता, आणि लेन्स ३५ ची की ५० ची?

तुमचा मित्र म्हणतो, "रेंजफाइंडर ही नुसती हौस, खरं काम एसएलआरच करतो." (एसएलआर म्हणजे आतल्या आरशामुळे लेन्समधूनच दिसतं तो कॅमेरा.) लायका, हा महागडा जर्मन रेंजफाइंडर, परवडत नाही पण मन त्यातून निघत नाही, असंही तुम्ही लिहिलंय. लायकाचं नंतर सांगते. आधी मित्राचं वाक्य, कारण तेच वाक्य मी कॉलेजात असताना सख्ख्या मामांच्या तोंडून ऐकलंय, आणि ते तेव्हाही चूक होतं.

मामांचा मिरजेत फोटो स्टुडिओ होता. माणूस कामात चोख, साध्या पासपोर्ट फोटोलाही दिवे सरकवत बसायचे. माझे काका तेव्हा मस्कतला होते. एका सुट्टीत येताना त्यांनी कॅननचा कॅनोनेट आणला, क्यूएल१७ जी-थ्री. ४० मिमीची एफ/१.७ लेन्स, न बदलता येणारी. मामांनी तो डोळ्याला लावला आणि म्हणाले, "लेन्समधनं दिसतच नाही की. हा पोरींनी सहलीला न्यायचा कॅमेरा." मग तो माझ्याकडे आला, कारण घरात सहलीला जाणारी पोरगी मीच होते.

१९८६ च्या मे महिन्यात ताईचं लग्न झालं. हळद अंगणात, भर बाराच्या उन्हात. मांडव घातला होता, पण पाट मांडला होता तिथपर्यंत सावली येत नव्हती. मामा त्यांचा एसएलआर घेऊन, मी शेजारी कॅनोनेट आणि एक छोटा फ्लॅश घेऊन. अशा उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्याठिक्कर येतात. उपाय मामांनाही माहीत होता: उन्हातच फ्लॅश मारून सावली उजळायची. पण त्यांच्या एसएलआरला कापडी पडद्याचं शटर, त्याचं फ्लॅशशी जमणार १/६० सेकंदाला. रोल १०० आयएसओचा. एवढ्या उन्हात १/६० म्हणजे ॲपर्चर, लेन्समधलं भोक, एफ/२२ च्या आसपास गेलं, अगदी बारीक. गाइड नंबर म्हणजे फ्लॅशची ताकद, त्याला एफच्या आकड्यानं भागलं की किती मीटर पोचतो ते कळतं. २० चा फ्लॅश एफ/२२ ला मीटरभरही पोचत नाही. ४० चा दांडगा फ्लॅश लावला तरी दोन मीटरच्या आत त्याचा जीव संपतो.

कॅनोनेटचं शटर लेन्सच्या आत असतं, लीफ शटर. ते कुठल्याही स्पीडला फ्लॅशशी जुळतं, अगदी १/५०० ला सुद्धा. १/५०० ला तेच ऊन एफ/८ मागतं, आणि एफ/८ ला माझा चिमुकला फ्लॅश अडीच मीटरपर्यंत पुरतो. हे मी कुठे शिकायला गेले नव्हते. फ्लॅशच्या पाठीवर तक्ता छापलेला होता आणि भागाकार मला येत होता.

दुसरी गोष्ट प्रकाशाची नाही, बघण्याची आहे, आणि रेंजफाइंडर घ्यायचं खरं कारण मला तीच वाटते. व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे बघायच्या खिडकीत, पिवळसर चौकट दिसते, पण चौकटीच्या बाहेरचंही थोडं दिसत राहतं. आजी ताईच्या गालाला हळद लावत होती. डावीकडून आत्या आंब्याचं पान तेलात बुडवून पुढे येताना मला चौकटीच्या बाहेर दिसली. मी थांबले. तिचा हात आत आला, पानावरून तेल ओघळलं, ताईनं मान आक्रसली आणि आजी हसली, तेव्हा बटण दाबलं. आणि दाबलं तो क्षण मला दिसला. एसएलआरमध्ये नेमक्या त्या क्षणी आरसा वर जातो आणि डोळ्यापुढे अंधार होतो. तुम्ही क्षणाच्या आधीचं बघता आणि नंतरचं बघता, फोटोत जे आलं ते तेवढं बघत नाही. ताईचे डोळे उघडे होते हे मला रोल धुवायच्या आधी माहीत होतं.

माझा रोल मामांच्या रोलबरोबरच कलर लॅबला गेला आणि प्रिंट स्टुडिओत आले. मामांचे हळदीचे फोटो चेहऱ्यांवर काळे पडले होते. माझे आले होते. अल्बम तयार होऊन घरी आला तेव्हा हळदीची सगळी पानं माझ्या फोटोंची होती, आणि प्रत्येकाच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का. आत्याच्या पानाचा फोटो मोठा करून स्टुडिओच्या काचेत लागला, बरीच वर्षं होता. मी विचारलं तर मामा म्हणाले, "लॅबला आपणच पाठवला ना? घरातलाच आहे." निगेटिव्ह मात्र मी मागून घेतल्या. त्या अजून माझ्याकडे आहेत, एका पट्टीवर आत्या येण्याआधीची फ्रेम आणि नंतरची फ्रेम शेजारी शेजारी. ज्याला कुणाला शंका असेल त्यानं येऊन बघावं. तुम्ही फिल्मवर काम करणार असाल तर पहिल्या दिवसापासून निगेटिव्ह लॅबकडून परत घ्या. हल्ली बरेच जण नुसते स्कॅन घेतात आणि निगेटिव्ह तिथेच सोडून देतात. असं करू नका.

आता तुमची निवड.

लायका पहिला कॅमेरा म्हणून घेऊ नका. कॅमेरा वाईट म्हणून नाही. त्यांचा एम३ १९५४ मध्ये आला आणि त्याच्याइतका स्वच्छ व्ह्यूफाइंडर नंतरही फारसा कुणी केला नाही. पण बॉडीत सगळे पैसे गेले की लेन्सला उरत नाहीत, लेन्सला गेले की रोलला उरत नाहीत, आणि मग कॅमेरा कपाटात राहतो. असे कपाटातले लायका मी पाहिलेत. पुढेमागे घेणारच असाल तर एवढं लक्षात ठेवा की एम३ मध्ये ५०, ९० आणि १३५ च्या चौकटी आहेत, ३५ ची नाही. ३५ आवडत असेल तर एम२ बघा. बॉडीतच प्रकाश मोजणारा मीटर हवा असेल तर १९८४ चा एम६, पण त्याची किंमत ऐकून घ्या आणि घरी येऊन पाणी प्या.

सोव्हिएत फेड आणि झोर्की हे कॅमेरे स्वस्त म्हणून लोक सुचवतात. मी रोजच्या वापरासाठी सुचवणार नाही. झोर्की-४ मध्ये शटर आधी चढवायचं आणि मगच स्पीड बदलायचा. उलटं केलं तर यंत्र बिघडतं. रस्त्यात घाईत हे कुणाच्या लक्षात राहतं? त्यांची ज्युपिटर-८, ५० मिमी एफ/२, ही लेन्स मात्र सुंदर आहे, खास करून माणसांच्या चेहऱ्यांसाठी. लायकाच्या बॉडीवर अडॅप्टरनं बसते, पण जवळच्या अंतरावर पूर्ण उघड्या ॲपर्चरला फोकस चुकू शकतो, तेव्हा आधी तपासा.

फुजीच्या एक्स१०० ला लोक रेंजफाइंडर म्हणतात. तो दिसायला तसा आहे, आत रेंजफाइंडर नाही. चांगला कॅमेरा आहे, डिजिटल हवा असेल आणि पैसे असतील तर जरूर घ्या, पण दोन प्रतिमा एकमेकींवर आणून फोकस करायची गोष्ट त्यात नाही.

तेव्हा घ्या सत्तरच्या दशकातला जपानी, न बदलणाऱ्या लेन्सचा. कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री किंवा याशिका इलेक्ट्रो ३५. दोन्ही आखातातून येणाऱ्या माणसांनी भरपूर आणले, म्हणून आपल्याकडे अजून मिळतात. याशिकाला ४५ मिमीची एफ/१.७ लेन्स आहे, ॲपर्चर तुम्ही ठेवायचं आणि स्पीड तो ठरवणार, संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात तो थक्क करतो. पण स्पीड तुमच्या हातात देत नाही, आणि बॅटरी संपली की एकाच स्पीडला, १/५०० ला चालतो. कॅनोनेट बॅटरीशिवाय पूर्ण चालतो, फक्त मीटर जातो. मीटर मोबाइलमध्ये फुकट आहे. माझं मत कॅनोनेटला, हे तुम्हाला आतापर्यंत कळलंच असेल.

बॅटरीचं एक सांगते कारण दुकानदार सांगत नाहीत. कॅनोनेट १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनलाय, ती आता मिळत नाही. १.५ ची साधी घातली तर मीटर खोटं बोलतो. श्रवणयंत्राची ६७५ नंबरची बॅटरी १.४ व्होल्टची असते, मेडिकलमध्ये मिळते, बाजूनं रबराची छोटी रिंग लावली की नीट बसते. स्टिकर काढल्यावर ती काही आठवड्यांत संपते, पण स्वस्त आहे. याशिकाची जुनी बॅटरी ५.६ व्होल्टची होती, आता ६ व्होल्टची अडॅप्टरमध्ये घालून काम भागतं.

विकत घेताना, मग तो पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी घ्या नाहीतर मुंबईत चोरबाजारात, खिशात टॉर्च ठेवा. मागचं झाकण उघडा, शटर बी वर (बटण दाबून ठेवाल तोवर उघडं राहतं) धरून ठेवा आणि लेन्समधून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर फंगस आहे, परत ठेवा. मुंबई-कोकणातल्या कॅमेऱ्यात तो हमखास असतो. झाकणाच्या कडेचा काळा फोम हाताला चिकटत असेल तर प्रकाश आत गळतो, पण ते दुरुस्त होतं, भाव पाडायला वापरा. मग पॅच. व्ह्यूफाइंडरच्या मधला तो लहान चौकोन दुसऱ्या प्रतिमेचा, तो स्पष्ट दिसला पाहिजे. दूरच्या टॉवरवर रोखा आणि लेन्स अनंतावर फिरवा, दोन टॉवरचा एक झाला पाहिजे. आडवा फरक असला तर फोकस चुकेल. उभा फरक असला तर फोकस बरोबर येईल, फक्त डोळा वैतागेल. याशिका असेल तर रोल पुढे ओढताना आतून ठक्क असा आवाज येतो का ऐका. येत नसेल तर आतलं रबर झिजलंय आणि शटर बेभरवशाचं होतं.

घरी आणल्यावर त्याची चामड्याची पिशवी वेगळी ठेवा. पावसाळ्यात ओल तीच धरून ठेवते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरे.

वापरायचा कसा, तर रस्त्यावर फोकस करायचाच नाही. एफ/८, तीन मीटर. ४० च्या लेन्सला साधारण दोन मीटरपासून साडेपाच मीटरपर्यंत सगळं शार्प येतं, ३५ ला त्याहून जास्त. समोरच्या माणसाला कळायच्या आत फोटो होतो. घरात, दिव्याच्या उजेडात, पॅचनं डोळ्यावर फोकस करा आणि ॲपर्चर उघडा. लेन्सचं झाकण लावलेलं असलं तरी व्ह्यूफाइंडरमधून सगळं दिसतच राहतं, म्हणून झाकण घरी ठेवा आणि पुढे फिल्टर लावा.

३५ की ५०? ४०. म्हणजे वर सांगितलेल्या कॅमेऱ्यात हा प्रश्नच येत नाही. पुढे एम माउंटवर, म्हणजे लायका एमच्या लेन्स बसणाऱ्या बॉडीवर, गेलात तर ३५ घ्या, घरं लहान आहेत आणि माणसं जवळ बसतात. एफ/१.४ च्या मागे लागू नका, एफ/२ ची छोटी लेन्स व्ह्यूफाइंडर अडवत नाही.

आता काही गोष्टी ज्या मी आधी सांगायला हव्या होत्या असं तुम्ही म्हणाल. ८० सेंटिमीटरच्या आत हा कॅमेरा फोकस करत नाही, म्हणून फुलं, किडे, ताटातली पुरणपोळी विसरा. पक्षी, क्रिकेट, स्टेजवरचं गाणं यांसाठी एसएलआरच हवा, तिथे तुमचा मित्र बरोबर आहे. चष्मा असेल तर चौकटीचे कोपरे एकदम दिसत नाहीत, घ्यायच्या आधी चष्म्यासकट बघा. रंगीत रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून हजाराच्या पुढे सहज जातं, महिन्याला किती परवडतील ते आधी ठरवा.

पहिला रोल घरच्या माणसावर घालवा. एक मीटरवर बसवा, ॲपर्चर पूर्ण उघडा, डोळ्यावर पॅच जुळवा. रोल धुतल्यावर डोळ्याऐवजी कान शार्प आलेला दिसला तर रेंजफाइंडर जुळवून घ्यावा लागेल. ते घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन करू नका. मुंबईत फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला जुने कॅमेरे उघडणारी माणसं अजून आहेत, त्यांच्याकडे न्या, आणि फोटो दाखवून सांगा, नुसतं "फोकस जात नाही" म्हणू नका.