कचरा कोणाचा? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आमच्या छोट्या बेटावर टुरिस्ट वाढलेत, पण बोटवाले, स्टॉलवाले आणि पंचायत यांचं काही जमत नाही, कचरा तर कोणीच उचलत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : दादा, आधी मुंबईजवळचं घारापुरी (एलिफंटा) बेट बघा. तिथली लेणी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, १९८७ पासून जागतिक वारसा, बोटी येतात मुंबईच्या गेटवेवरून, आणि राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर या बेटावरच्या गावांची माणसं राहतात तिथेच, म्हणजे निर्णय घेणारे वेगळे आणि कचऱ्यात राहणारे वेगळे, आणि मला तरी खरी अडचण हीच वाटते.

तिथली पंचायत पर्यटकांकडून कर घेते, तसा ठराव तुम्हीही ग्रामसभेत आणा, पण पैसा कशावर खर्च झाला ते दर महिन्याला जेटीवर बोर्ड लावून दाखवा, नाहीतर बोटवाले साथ देणार नाहीत. बोटवाल्यांना सांगा, रिकाम्या बाटल्या परतीच्या बोटीतून किनाऱ्यावर न्यायच्या, आणि हे तोंडी नको, लेखी घ्या. बैठकीला स्टॉल चालवणाऱ्या बायकांना बोलवाच, कुठल्या दिवशी किती गर्दी होते ते त्यांनाच नीट माहीत असतं.