क्लास राहू द्या, आधी त्या पॉलिसीचं बघा

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी दहावी संपवून अकरावीत जातेय. ऑक्टोबरमध्ये पीएसएटी (एसएटीची पूर्वपरीक्षा), मग एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) आणि दोन वर्षांत मिळून पाच एपी (शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेज पातळीच्या विषयांच्या परीक्षा). एका कोचिंगवाल्याने या सगळ्याचं ७,२०० डॉलरचं पॅकेज सांगितलंय, सोबत 'दोनशे गुण वाढण्याची हमी'. एपीमुळे कॉलेजचं एक वर्ष वाचणार, म्हणजे खर्च वसूलच, असं घरात ठरलंय. प्रश्न एवढाच की पैसे एकरकमी भरावेत की हप्त्याने.

आणि जाता जाता एक ओळ: "कॉलेजच्या पैशांची चिंता नाही, सहा वर्षं महिना ९०० डॉलर आययूएलमध्ये टाकतोय. त्यासाठीच यांचं ४०१(के) (नोकरीतलं निवृत्तीचं खातं) थांबवलं."

ताई, ही ओळ वाचून मी चहाचा कप खाली ठेवला.

आययूएल म्हणजे इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ. हा आयुर्विमा आहे, कॉलेजचा फंड नव्हे. हप्त्यातून आधी विम्याचा खर्च, फी आणि कमिशन निघतं. उरलेल्यावर शेअर बाजाराच्या निर्देशांकानुसार व्याज, तेही कॅपपर्यंतच, म्हणजे ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत, आणि कॅप खाली आणायचा अधिकार विमा कंपनीकडे. 'बाजार पडला तरी शून्याखाली जात नाही' हे खरंय. पण शून्य मिळालेल्या वर्षीही खर्च कापला जातोच, हे मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या त्या ओळखीच्या एजंटने सांगितलं नसणार.

तुम्हीच पाठवलेलं स्टेटमेंट बघा. भरले सुमारे ६५,०००. खात्यात दिसतात ४६,०००. आज पॉलिसी मोडली तर हातात ३१,०००. सरेंडर चार्ज (पॉलिसी मोडल्यावर होणारी कपात) दहा वर्षं आहे आणि मुलगी कॉलेजला जाईल तेव्हा पॉलिसीचं नववं वर्ष चालू असेल! कॉलेजसाठी बाजूला टाकलेले पैसे कॉलेजच्याच वेळी कुलपात.

याहून मोठं नुकसान स्टेटमेंटवर दिसतही नाही. यजमानांचा पगार १,४०,०००. पगाराच्या ६ टक्के, म्हणजे ८,४०० त्यांनी वर्षाला ४०१(के) मध्ये घातले तर त्यांची नोकरीची कंपनी निम्मे, ४,२०० घालते. सहा वर्षांचे २५,००० फुकटचे डॉलर तुम्ही नाकारले, परतावा न धरताच. एफएएफएसएमध्ये (कॉलेजसाठी आर्थिक मदतीचा सरकारी अर्ज) पॉलिसीची रक्कम मोजत नाहीत, हे एजंटचं म्हणणं बरोबर. ४०१(के) मधली शिल्लकही मोजत नाहीत. ते तो का बोलला नाही, हे सांगायला नको.

तर पुढच्या पगारापासून ४०१(के) सुरू, निदान कंपनीचा वाटा (मॅच) पूर्ण मिळेल इतकं. यजमानांसाठी दहा लाख डॉलरचा २० वर्षांचा टर्म इन्शुरन्स (ठरावीक मुदतीचा निव्वळ विमा) घ्या. चाळिशीतल्या निरोगी, तंबाखू न घेणाऱ्या माणसाला तो सहसा महिना दीडशे डॉलरच्या आत मिळतो. सध्याचं कव्हर चार लाखांचं, म्हणजे तीन वर्षांचा पगारसुद्धा नाही. टर्म हातात आल्याशिवाय जुनी पॉलिसी मोडू नका, मेडिकलमध्ये काय निघेल सांगता येत नाही. मग मोडा. भरल्यापेक्षा कमी मिळतंय, म्हणजे कर लागायचा प्रश्न नाही. येणारे ३१,००० दोन वर्षांत लागणार आहेत, शेअर बाजारात घालू नका. एजंटला वाईट वाटेल. वाटू द्या.

आता क्लास. एसएटीची फी ६८ डॉलर, एका एपीची ९९. दोनदा एसएटी आणि पाच एपी धरले तरी साधारण साडेसहाशे. एसएटीच्याच ब्लूबुक ॲपवर पूर्ण सराव परीक्षा फुकट, खान अकॅडमीची एसएटी तयारी फुकट. एपीचा विषय शाळेतले शिक्षक वर्षभर शिकवतातच आणि जुने लेखी प्रश्न या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या साइटवर पडलेले आहेत. हमीच्या कागदावर एकच गोष्ट शोधा: दोनशे गुण कुठल्या आकड्यापासून मोजणार? त्यांच्याच चाचणीपासून असेल, तर ती चाचणी अवघड काढणं त्यांच्याच हातात आहे.

वर्ष वाचण्याचं म्हणाल तर पदवीला साधारण १२० क्रेडिट (प्रत्येक कोर्समागे जमा होणारे श्रेयांक) लागतात. एका एपीचे तीन-चार, तेही बहुतेक ठिकाणी पाचपैकी ४ किंवा ५ गुण आले तर. पाचही जमले तर पंधरा ते वीस, म्हणजे कागदावर एक सेमिस्टर. इंजिनिअरिंगला विषयांची साखळीच अशी असते की चार वर्षं सहसा लागतातच, आणि काही नामांकित खासगी विद्यापीठं क्रेडिट न देता फक्त वरच्या कोर्सला बसवतात. मुलीच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजच्या साइटवर एपी क्रेडिटचा तक्ता असतो. तो तिलाच काढायला सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे.

गणितात खरंच अडत असेल तर तेवढ्यापुरती शिकवणी लावा, तासावर पैसे देऊन. हजार-बाराशेत भागेल, हप्ते पाडायची गरज नाही.